कोल्हापुरात ऐकण्यासाठी जुना एफएम ट्यूनर : तीन पर्याय समोर आहेत, कोणता घ्यावा?

राजारामपुरीकर

नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी हौसेने घेतलेला एक स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांची स्पीकरची जोडी आहे. बरीच वर्षे ती माळ्यावर पडून होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली, दोन-तीन भाग बदलून घेतले आणि आता ती इतकी चांगली वाजते की मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर रेडिओ ऐकणे नकोसे झाले आहे. मोबाइलच वायरने अॅम्प्लिफायरला जोडून पाहिला. परंतु सकाळी भक्तिगीते चालू असताना कोणाचा फोन आला की सगळ्या घरात रिंगटोन घुमतो आणि देवघरात बसलेली आई दचकते. म्हणून जुन्या पद्धतीचा स्वतंत्र ट्यूनर, म्हणजे केवळ रेडिओ पकडून आवाज अॅम्प्लिफायरला देणारे यंत्र, घ्यावा असे ठरवले आहे.

घर राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पूर्वेकडे एक उंच इमारत उभी आहे. मी मुख्यतः आकाशवाणी कोल्हापूर, म्हणजे १०२.७ ऐकतो. मुलगी ९८.३ लावते आणि घरात इतर वेळी ९४.३ चालू असते. सध्या माझ्यासमोर तीन ट्यूनर आहेत.

पहिला ताराबाई पार्कातील एका निवृत्त गृहस्थांकडे आहे. त्याला आडवी लांब डायल, वजनदार खुंटी आणि सुईचे दोन मीटर आहेत. कित्येक वर्षे बंद आहे, डायलमागचा दिवा गेलेला आहे, आणि ते सहा हजार मागत आहेत.

दुसरा भाच्याच्या मित्राने जपानहून आणलेला आहे. दिसायला अगदी नवा, आकडे निळ्या प्रकाशात उमटणारा, आणि साडेतीन हजारांत मिळतो आहे. मात्र त्याचे आकडे ७६ पासून सुरू होतात आणि ९० वर संपतात. कुठलेसे बटण दाबून धरले की पुढचे आकडे उघडतात असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे.

तिसरा पुण्यात आहे. अमेरिकेहून परतलेल्या कुटुंबाचा आहे, डिजिटल आहे, चार हजार सांगितले आहेत आणि मागे १२० व्होल्ट असे लिहिलेले आहे.

यांतला कोणता घ्यावा, आणि घेण्यापूर्वी जागेवर काय तपासून पाहावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. मला सोल्डरिंग येत नाही, हे आधीच कबूल करतो.

---

मध्यमलहरी

दुसऱ्या ट्यूनरचा विचार आजच सोडून द्या. जपानात एफएमची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ अशी होती, पुढे ती ९५ पर्यंत वाढवली गेली. आपल्याकडे ती ८८ ते १०८ आहे. तुम्ही ऐकता ती तिन्ही केंद्रे ९० च्या वर आहेत, म्हणजे तो सुंदर निळा आकडा तुमच्या घरी आयुष्यभर काहीही पकडणार नाही. पट्टी ही आतल्या कॉइल आणि कपॅसिटरांनी ठरलेली असते, त्यामुळे बटण दाबून ती बदलेल या आश्वासनावर साडेतीन हजार रुपये देऊ नयेत. जपानी गाड्यांतील रेडिओसाठी लहरी खाली उतरवून देणारी एक डबी मिळते, ती लावता येते. परंतु चांगला ट्यूनर घेऊन त्याच्या तोंडाशी हलक्या प्रतीची डबी बसवायची, तर मग तो घ्यायचाच कशाला? शिवाय जपानी घरगुती वस्तू १०० व्होल्टवर चालते. कोणी घाईने आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातली, तर प्रश्न कायमचा मिटतो.

पट्टीबद्दल आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण जुन्या बाजारात युरोपी ट्यूनरही येतात. पश्चिम युरोपातील जुन्या यंत्रांची डायल १०० किंवा १०४ वर संपते. १०४ वाली तुमच्या १०२.७ ला पुरते, १०० वाली पुरत नाही. पूर्व युरोपातील जुन्या यंत्रांची पट्टी तर ७० च्या आसपास असते. तेव्हा कोणताही ट्यूनर पाहताना कंपनीच्या नावाआधी डायलवरचा शेवटचा आकडा वाचावा. युरोपी ट्यूनरच्या मागे बहुधा पाच टोकांचे गोल डिन सॉकेट असते; त्यातून आपल्या नेहमीच्या लाल-पांढऱ्या पिनांवर येण्यासाठी वेगळी वायर लागते, ती कोणीही करून देईल.

तिसरा, अमेरिकेचा. तो चालेल, पण त्याच्या तीन खोडी ठाऊक असाव्यात.

पहिली खोड विजेची. २३० चे ११० करणारा लहान ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. ट्यूनर फार वीज खात नाही, तेव्हा पन्नास वॅटचासुद्धा भरपूर होतो. मात्र तो ट्यूनरला आणि अॅम्प्लिफायरला चिकटवून ठेवू नका, अन्यथा स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू येत राहील. काही यंत्रांच्या मागे व्होल्टेज बदलण्याची खाच असते. ती असल्यास हा खर्च वाचतो.

दुसरी खोड आकड्यांच्या टप्प्यांची. अमेरिकेतील एफएम केंद्रे विषम दशांशावर असतात, म्हणून तिकडचे काही डिजिटल ट्यूनर ०.२ च्या उडीने पुढे सरकतात. ९४.३, ९८.३ आणि १०२.७ हे तिन्ही आकडे सुदैवाने विषम दशांशाचे आहेत, त्यामुळे तुमचे अडणार नाही. उद्या सम दशांशाचे किंवा पूर्णांकी आकड्याचे केंद्र ऐकावेसे वाटले तर मात्र ते नेमके लागणार नाही. मध्यम लहरींवर अडचण मोठी आहे. अमेरिकेत तेथील केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि आपल्याकडे ९ च्या. सांगली केंद्राचा १२५१ हा आकडा ज्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसला आहे, त्यांना त्या यंत्रावर १२५० किंवा १२६० यांपैकी एकावर समाधान मानावे लागते. धारवाडचे ७६५ तर बरोबर दोन टप्प्यांच्या मध्ये पडते. मागे ९ आणि १० असा स्विच आहे का, हे विकणाऱ्याला विचारा.

तिसरी खोड कानाची आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. एफएमवर प्रसारण करताना वरचे सूर मुद्दाम चढवून पाठवतात आणि ट्यूनर ते तेवढेच उतरवून देतो. असे केल्याने वरच्या सुरांतली खरखर दबते. हे चढवणे-उतरवणे आपल्याकडे व युरोपात ५० मायक्रोसेकंदांच्या मापाने होते आणि अमेरिकेत ७५ च्या. अमेरिकी ट्यूनर इथे लावला की तो वरचे सूर गरजेपेक्षा जास्त उतरवतो, त्यामुळे झांज, घुंगरू आणि गाणाऱ्याचा ‘स’ थोडा मऊ, थोडा झाकलेला ऐकू येतो. दोन कपॅसिटर बदलले की हा दोष जातो. पण तुम्हाला सोल्डरिंग येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हा खर्च चार हजारांत मिळवून मगच तुलना करा.

आता पहिला. माझे मत विचाराल तर तुम्ही ताराबाई पार्कातला घ्यावा, अर्थात तो तपासून. सुईचे दोन मीटर असणे ही सजावट नव्हे. एक मीटर लहरीचा जोर दाखवतो आणि दुसऱ्याची सुई केंद्र बरोबर लागले की मध्यावर येते. चांगल्या प्रकृतीच्या ट्यूनरमध्ये पहिल्या मीटरची सुई ज्या क्षणी सर्वांत वर जाते, त्याच क्षणी दुसऱ्याची मध्यावर असते. ही दोन्ही ठिकाणे वेगवेगळी आली, तर आतली जुळणी सरकली आहे असे समजावे. पैसे देण्यापूर्वी यंत्राची नाडी अशी अर्ध्या मिनिटात पाहता येते आणि डिजिटल ट्यूनरमध्ये ही सोय क्वचितच असते.

आणखी एक सांगून थांबतो. या विषयावर वाचायला गेलात तर सिलेक्टिव्हिटी, म्हणजे शेजारची केंद्रे वेगळी काढण्याची ताकद, यावरच पानेच्या पाने सापडतील. सॅन्सुईचा टीयू-७१७ किंवा केनवुडचा केटी-७५०० यांसारख्या ट्यूनरांवर त्यासाठी ‘वाइड’ आणि ‘नॅरो’ असा स्विचच असतो. जिथे डायल केंद्रांनी खचाखच भरलेली आहे तिथे त्याचे मोल आहे. कोल्हापुरात मात्र दोन केंद्रांमध्ये ऐसपैस जागा आहे. ९४.३ आणि ९८.३ यांत पूर्ण चार मेगाहर्ट्झ आहेत. मध्ये एखादे केंद्र आले तरी कोणाचा पाय कोणाला लागत नाही. असा स्विच असेल तर तो सदैव ‘वाइड’वर ठेवा, कारण आवाज त्यावरच मोकळा येतो, आणि ‘नॅरो’ नाही म्हणून कोणताही ट्यूनर नाकारू नका. वाचलेले पैसे अँटेनावर घाला.

---

करवीरकाठ

एक भाबडा प्रश्न विचारतो, राग मानू नये. आकाशवाणीच्या अॅपवर आता देशभरातली केंद्रे ऐकायला मिळतात. एक जुना मोबाइल सिमकार्ड काढून अॅम्प्लिफायरला कायमचा जोडून ठेवला, तर फोनही येणार नाही आणि रिंगटोनही नाही. चार-सहा हजार, वर दुरुस्ती, वर अँटेना, एवढा खटाटोप कशासाठी? शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज येतच नाही असे ऐकून आहे.

---

मध्यमलहरी

राग कसला, प्रश्न रास्त आहे, आणि १५ किलोहर्ट्झची मर्यादा खरीच आहे. स्टिरिओ प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर एक खुणेचा सूर पाठवावा लागतो, ज्याला पायलट म्हणतात. तो ऐकूनच ट्यूनरला कळते की हे प्रसारण स्टिरिओ आहे. त्याला धक्का लागू नये म्हणून कार्यक्रमाचा आवाज १५ वर छाटतात. पण माझे वय आता साठीच्या पुढे आहे, आणि १५ च्या वरचे मला गेली कित्येक वर्षे कोणीही, कशावरही ऐकवलेले नाही.

अॅपवरचा आवाज दाबून-पिळून पाठवलेला असतो आणि काही सेकंद मागे असतो, हे माझे खरे गाऱ्हाणे. बातम्यांपूर्वीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची ज्या घरात सवय आहे, त्या घरात अॅपवर लावलेले घड्याळ चुकते. नेट गेले की गाणे गोल फिरणाऱ्या चक्रावर येऊन थांबते, ते वेगळेच. असे असले तरी ज्याला मुळात दुरुस्तीची कटकटच नको आहे, त्याने सिमकार्ड काढलेला मोबाइल वापरावा, यात मला काही कमीपणा वाटत नाही. मूळ प्रश्नकर्त्याने ट्यूनर घ्यायचे ठरवून प्रश्न विचारला आहे, म्हणून आपण त्यावरच बोलू.

---

तांब्याची तार

मी उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचे काम करतो. रेडिओ-ट्यूनर ही संध्याकाळची हौस आहे. मध्यमलहरी काकांनी निवड सांगितलीच आहे, मी तपासणीचे सांगतो.

जाताना दीड मीटर साधी वायर बरोबर घेऊन जा. कित्येक वर्षे बंद असलेल्या यंत्राला अँटेना नसते, मग ते केवळ खरखर करते आणि विकणारा म्हणतो की या भागात रेंजच नाही. अॅम्प्लिफायर नसेल तर हेडफोन आणि लहान अॅम्प्लिफायरची डबी न्यावी, कारण ट्यूनरमधून निघणारा आवाज थेट हेडफोनवर ऐकण्याइतका नसतो. आणि घरी जोडताना ट्यूनर किंवा ऑक्स लिहिलेल्या जागीच जोडा. फोनो लिहिलेली जागा तबकडीच्या सुईसाठी असते, तिथे ट्यूनर लावला की आवाज फाटून आणि घुमून येतो. मग लोक ट्यूनरलाच दोष देतात.

चालू केल्यावर लगेच मत बनवू नका. अर्धा तास चालू ठेवून गृहस्थांशी गप्पा मारा. थंड यंत्र एक सांगते आणि तापलेले यंत्र दुसरे. अर्ध्या तासात केंद्र आपोआप सरकले, आवाज फाटू लागला किंवा एका बाजूचा स्पीकर हळूहळू मंदावला, तर आतले कपॅसिटर सुकले आहेत. केंद्रांमधली खरखर दाबणारे म्यूटिंग नावाचे बटण असते, ते बंद करा. दोन केंद्रांच्या मध्ये जी खरखर ऐकू येईल ती दोन्ही बाजूंना सारखीच असली पाहिजे. खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. सुई मध्येच अडखळत असेल तर डायलची दोरी ढिली झाली आहे, हे काम किरकोळ पण वेळखाऊ. फिरवताना कुरकुर आवाज येत असेल तर आतल्या पत्र्यांच्या कपॅसिटरच्या दांड्याजवळचा पितळी स्पर्श काळा पडला आहे. आपल्याकडे चार महिने जो पाऊस लागतो त्यात हे होतेच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब पुरतो. सुई १०२.७ ऐवजी १०२.५ वर लागली, म्हणून घाबरू नका, ते केवळ काट्याचे सरकणे आहे.

न दुरुस्त होणारे म्हणाल तर दोनच. एक, कोणीतरी आधीच आत हात घालून कॉइलींचे गाभे, म्हणजे जुळणीसाठी आत बसवलेले फेराइटचे स्क्रू, फिरवून ठेवलेले असणे. टोपण उघडायला दिले तर कॉइलींच्या डोक्यावरचे मेण किंवा रंग तुटला आहे का, ते पाहा. दुसरे, आतून उंदीर किंवा पाणी गेलेले असणे.

गाभ्यांबद्दल स्वतःचीच फजिती सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी एक चांगला चालू ट्यूनर आणखी चांगला करावा म्हणून मी बारीक पोलादी स्क्रूड्रायव्हर घातला. वर्षानुवर्षे चिकटून बसलेला फेराइटचा गाभा टचकन तुटला आणि त्याचा अर्धा भाग कॉइलीतच अडकला. त्या दिवसापासून मी प्लास्टिकचे पातेच वापरतो आणि चालू असलेल्या यंत्राला कारण नसताना हात लावत नाही. ते यंत्र अजून माझ्या बाकाखाली आहे.

सहा हजार मात्र जास्त वाटतात. बंद यंत्राचा भाव चालू यंत्राइतका नसतो, एवढे नम्रपणे सांगा.

---

राजारामपुरीकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. जपानी ट्यूनरला नकार कळवला. काल संध्याकाळी ताराबाई पार्कात जाऊन आलो. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

गृहस्थांनी ट्यूनर टेबलावर मांडून ठेवला होता आणि त्यावरचा जुना विणलेला रुमालही काढलेला नव्हता. डायल ८८ ते १०८ अशी आहे, मागे २२० व्होल्ट लिहिले आहे, आणि अँटेनासाठी ७५ व ३०० ओम अशा दोन्ही जागा आहेत. माझी दीड मीटर वायर लावून आम्ही तो चालू केला. प्रथम तापलेल्या धुळीचा वास आला, नंतर खरखर, आणि खुंटी फिरवता फिरवता एकदम आकाशवाणीवरचे शेतीविषयक बोलणे इतके जवळून ऐकू आले की गृहस्थ स्वतःच खुर्चीवरून उठून जवळ आले. ही खुंटी फार जड आणि तुळतुळीत फिरते; सोडली तरी थोडी पुढे जाऊन थांबते. ती एकदा फिरवल्यावर पुण्याच्या ट्यूनरमधला माझा रस जवळजवळ संपलाच, हे मान्य करतो.

अर्धा तास बसलो, चहा झाला. केंद्र सरकले नाही, दोन्ही बाजू सारख्या वाजल्या. परंतु तीन गोष्टी खटकल्या. डायलच्या वरच्या टोकाला खुंटी फिरवताना कुरकुर होते. जोराच्या मीटरची सुई सर्वांत वर असते तेव्हा मध्याची सुई किंचित उजवीकडे असते, साधारण एका रेघेइतकी. आणि स्टिरिओचा लाल दिवा १०२.७ वर अजिबात लागत नाही, ९४.३ वर लागतो, पण लुकलुकतो. जोराचा मीटर मात्र दोन्ही केंद्रांवर पाचपैकी चारच्या पुढे जात होता. टोपण उघडून दाखवले. आत धूळ आहे, पण कॉइलींवरचा रंग शाबूत आहे.

गृहस्थ साडेचार हजारांवर आले आहेत. स्टिरिओचा दिवा लागत नाही ही मोठी बिघाडाची खूण असावी का? तसे असेल तर ऐनवेळी माघार घेतो.

---

तांब्याची तार

घ्या.

स्टिरिओचा दिवा दोन कारणांनी लागत नाही. एक तर लहर इतकी अशक्त असते की पायलटचा सूर खरखरीत बुडतो. तुमचा मीटर चारच्या वर जातो आहे, म्हणजे हे कारण बाद. दुसरे कारण असे की पायलटशी जुळवून घेणारा आतला घड्याळाचा सूर सरकलेला असतो. त्या काळच्या बहुतेक ट्यूनरांमध्ये ७६ किलोहर्ट्झचा एक सूर आतच तयार करून, त्याला दोनदा निम्मे करून १९ वर आणतात आणि बाहेरून आलेल्या पायलटशी जुळवतात. जुळले की दिवा लागतो आणि डावे-उजवे वेगळे होतात. वर्षे गेली की ७६ चा तो सूर थोडा सरकतो, मग एका केंद्रावर जेमतेम जुळतो, दुसऱ्यावर नाही. त्यासाठी स्टिरिओच्या आयसीजवळ, म्हणजे चिपजवळ, एक बारीक प्रिसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायची जुळणीची इवलीशी खुंटी, असतो. तो फिरवणे हे त्या यंत्रातले सर्वांत सोपे काम आहे आणि त्यात फेराइट नाही, तेव्हा काही तुटतही नाही.

मध्याची सुई एक रेघ सरकली आहे, तो डिटेक्टरच्या, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या, कॉइलीचा एक अष्टमांश फेरा असेल. ते तुम्ही करू नका. यंत्र घेतलेत की एका रविवारी माझ्याकडे आणा.

---

मध्यमलहरी

आणण्याआधी अँटेना करून ठेवा, म्हणजे जुळणी खऱ्या लहरीवर होईल. अंगठीइतक्या तारेवर ट्यूनर पारखणे म्हणजे चष्मा न लावता अक्षराला नावे ठेवणे होय. राजारामपुरीत जोर भरपूर मिळेल, तुमची अडचण वेगळी असणार आहे. पूर्वेच्या उंच इमारतीवरून परतून आलेली लहर मूळ लहरीच्या मागोमाग पोहोचते आणि दोन्ही एकमेकींत मिसळल्या की ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. लोक त्याला ट्यूनरचा दोष समजतात. मोनोवर, म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकच आवाज असे, केल्यावर तो फाटकेपणा बराच कमी झाला तर तो अँटेनाचा प्रश्न आहे असे समजा. (अशक्त लहर असेल तर स्टिरिओवर खरखरही मोनोपेक्षा सुमारे वीस डेसिबेलने जास्त असते, त्यामुळे दूरच्या केंद्रासाठी मोनोचे बटण दाबण्यात लाज नाही.)

करायचे इतकेच की तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या दोन दांड्या, प्रत्येकी सुमारे ७१ सेंटिमीटर, एका लाकडी किंवा प्लास्टिकच्या काठीवर एका रेषेत बसवायच्या, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवायचे, आणि डिशच्या टीव्हीसाठी येते ती ७५ ओमची गोल केबल आणून तिचा मधला धागा एका दांडीला आणि जाळी दुसऱ्या दांडीला जोडायची. ही लांबी शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अर्ध्या लहरीची आहे, त्यामुळे तुमची तिन्ही केंद्रे तीत बसतात. केबल ट्यूनरच्या ७५ ओमच्या जागी लावा. मग कोणाला तरी मीटर पाहायला बसवून काठी सावकाश फिरवा. जोर सर्वांत जास्त कुठे आहे यापेक्षा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे आहे तेथे थांबा. इमारतीच्या परतलेल्या लहरीकडे काठीचे टोक केले तर ती लहर कमी येते, आणि या दोन जागा बहुधा एक नसतात. बाल्कनीच्या लोखंडी जाळीपासून अँटेना निदान दोन हात दूर ठेवा. पावसाळ्यापूर्वी केबलचे जोड रबरी पट्टीने बंद करा, नाहीतर पाणी केबलीच्या जाळीतून थेट आत उतरते.

---

राजारामपुरीकर

ट्यूनर घरी आला. जाऊन आलो त्या रविवारचे सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

उद्यमनगरातील त्या दादांनी प्रथम पत्र्यांच्या कपॅसिटरचा स्पर्श साफ केला आणि खुंटी वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला मलाच बसवले, कुरकुर गेली. नंतर १०२.७ लावून त्यांनी प्रिसेटची मूळ जागा शाईच्या ठिपक्याने खुणावून ठेवली. तो सावकाश डावीकडे फिरवल्यावर दिवा लागला, आणखी फिरवल्यावर विझला. दिवा लागण्याची आणि विझण्याची दोन्ही टोके पाहून त्यांनी प्रिसेट बरोबर मध्यावर आणून सोडला. हाच त्यांचा मोजमापाशिवायचा उपाय. नंतर फ्रिक्वेन्सी काउंटर लावून पाहिला तेव्हा ७६ च्या अगदी जवळ आला होता. मध्याच्या सुईसाठी प्लास्टिकचे पाते घालून कॉइल इतकी कमी फिरवली की मला तर ती फिरलेली दिसलीही नाही. डायलचा दिवा त्यांच्याच जुन्या सामानातून मिळाला. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी कॉन्टॅक्ट क्लीनरच्या नव्या डबीवर तडजोड झाली.

अँटेना कपडे वाळत घालायच्या लाकडी काठीवर बांधली आहे. मध्यमलहरी काकांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. काठी जिथे केल्यावर मीटर सर्वांत वर जातो तिथे निवेदिकेचा ‘स’ फाटतो, आणि तिथून साधारण चाळीस अंश वळवल्यावर सुई अर्धी रेघ खाली येते, पण आवाज एकदम निवळतो. तिथेच ती सुतळीने पक्की केली आहे.

पहाटेचे भक्तिगीत आता दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, भिंतीच्या थोडे मागून येते. आईने दुसऱ्याच दिवशी देवपूजा दिवाणखान्याच्या दाराशी हलवली. काठी मात्र परत मागितली आहे, तेव्हा प्लास्टिकचा पाइप आणायला आज लक्ष्मीपुरीत जातो आहे. तो अर्ध्या इंचाचा घ्यावा की पाऊण?

---

तांब्याची तार

पाऊण. अर्ध्या इंचाचा उन्हाने वाकतो.